अखंड दिवा

चुन्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. इतर बायकांना त्या वासानं दिवाळी आठवते, कुणाला लग्नघर आठवतं. मला आठवते ती आमची ओस पडलेली गल्ली, आणि तिच्यातून हातात तेलाची बुधली घेऊन एकट्याच चाललेल्या आमच्या वन्सं. परवा सकाळी मंगळवार पेठेत पुन्हा चुन्याच्या पाट्या येऊन पडल्या. कोपऱ्यावरच्या घरात उंदीर पडला होता. पडला म्हणजे माळ्यावरून घसरला नव्हे. दिवसाढवळ्या माणसांच्या पायांतून गरगरत आला, चुलीपुढं उताणा झाला आणि मेला. प्लेग आला हे सांगायला आमच्याकडे 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द पुरतात. बाई तवा उतरवते, बाप्या गाडी बघायला पळतो आणि दुपारपर्यंत अर्धी गल्ली रस्त्यावर आलेली असते.

कोल्हापूरची थंडी हल्ली अशीच येते. बाहेरगावचे पावणे विचारतात, "यंदा कशी काय थंडी तुमच्याकडं?" आणि आम्ही सांगतो, "अजून पडला न्हाय." आम्ही कशाबद्दल बोलतो ते त्यांना कळत नाही. हुरडा, हरभरा, ऊस, गुऱ्हाळं, सगळं याच महिन्यांत येतं. खायला वर्षातले सगळ्यात चांगले दिवस आणि जगायला सगळ्यात वाईट. त्यातही एखादा शहाणा असतोच. घरात लग्न ठरलेलं असतं, म्हणून तो मेलेला उंदीर गुपचूप घरामागच्या परड्यात पुरतो आणि वर हळद लागेपर्यंत गल्लीला पत्ता लागू देत नाही. अशा माणसांना शिव्या द्यायला माझ्याकडे वेळ आहे, पण या लेखात जागा नाही. इथं मला माझ्याच घरातल्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

तयारीचं म्हणाल तर मी आता तरबेज झाले आहे. जातं गाडीत आधी, तळाला. त्यावर ज्वारीची पोती, पण ज्वारी आधी अंगणात ओतून, ऊन दाखवून, पाखडून, मगच पुन्हा भरायची. पोत्यातून उंदीर मळ्यात न्यायचा तर मग घर सोडलं कशाला? मीठ, लसणाची चटणी, जळणाला शेणी, कंदील, घोंगडी. जुन्या रजया न्यायच्या नाहीत, त्या उसवून उन्हात टाकायच्या. कौलं ठिकठिकाणी उचलून ठेवायची, म्हणजे माजघरात ऊन उतरतं. टोचून घ्यायचं. टोचणीला मी कधी भ्याले नाही. सुई घेऊन येणाऱ्या डॉक्टरपेक्षा घरातल्या माणसांना भ्यावं, हे मला फार लवकर कळलं. शेजारणी विचारायला येतात, वैनी, हे न्यावं का, ते ठेवावं का. मी सांगते. माझ्या आवाजाला धार आहे म्हणतात. असेल.

पण खरी तयारी ही नव्हेच. संकट आलं की गाडीत कोण बसणार आणि मागं कोण राहणार, हे ठरलेलं असणं म्हणजे घराची खरी तयारी. ते कुणी बोलून ठरवत नाही. कुणाच्या ताटात आधी वाढलं जातं आणि तव्यावरची शेवटची भाकरी कोण खातं, त्यातच ते वर्षानुवर्षं ठरत आलेलं असतं. प्लेग फक्त ते उघड्यावर आणतो.

मी गारगोटीची. वडील तिथं शाळेत मास्तर होते, म्हणून मला अक्षरं येतात, आणि म्हणून हे लिहिते आहे. लग्न होऊन मी या घरात आले आणि त्याच हिवाळ्यात प्लेगनं कोल्हापूर गाठलं. मला लुगडं अजून नीट नेसता येत नव्हतं, पदर सावरण्यातच दिवस जायचा. घरात माणसं तीनच. मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे. आणि यांच्या थोरल्या बहीण, माझ्या वन्सं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

वन्संचं नाव गजरा. नाव गजरा, आणि डोक्यात फूल घालायची बंदी. त्यांना गगनबावड्याला दिलं होतं. नवरा भर पावसात तापानं गेला, आणि सासरच्यांनी घाटावरचा पाऊस उघडायचीही वाट न बघता त्यांना गाडीत बसवून माहेरी धाडलं. तेव्हापासून त्या बापाच्या घरी होत्या. होत्या म्हणजे राबत होत्या. पहाटेचं दळण त्यांचं, पाणी त्यांचं, गोठा त्यांचा. जेवायला बसायच्या सगळ्यांच्या मागून. पण त्यांना गरीब गाय समजू नका. त्यांची जीभ तिखट होती. मामंजी ओसरीवर लोडाला टेकून गल्लीला शहाणपण शिकवत बसले की आतून भाकरी थापता थापता त्या मला म्हणायच्या, "ऐक, ऐक. लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं मी मनात म्हणायची आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसायचो. त्या घरात मला हसायला शिकवलं ते त्यांनीच.

आणि त्या घरात एक दिवा होता. देव्हाऱ्यापुढची ती पितळी समई मामंजींच्या आजोबांनी लावली आणि तेव्हापासून ती कधी विझली नाही, असं मामंजी सांगायचे. आल्यागेल्याला आधी दिवा दाखवायचे, मग पाणी विचारायचे. तेल घालायचं काम अर्थातच वन्संचं. दिव्याचा मान मामंजींना आणि काजळी वन्संच्या बोटांना.

त्या वर्षी दरबारची दवंडी फिरली, घरं सोडा, बाहेर झोपड्या घाला. आमचा मळा रंकाळ्याच्या पलीकडे. ज्याचा मळा होता तो मळ्यात गेला, ज्याचा नव्हता त्यानं ओळखीच्या बांधावर झोपडी टाकली. आमच्या बांधाला लागून हुसेनचाचा पिंजाऱ्याचं बिऱ्हाड आलं. गल्लीत त्यांचं दार आमच्या दाराच्या शेजारीच होतं. सगळ्यांनी आपापले देव बरोबर आणले. कुणी टोपलीत, कुणी पदरात, एका म्हातारीनं तर ज्वारीच्या पोत्यात खुपसून. एकटे मामंजी अडून बसले. देवांचं ठाणं हलवायचं नाही. ठाणं हललं की घराणं हलतं. माणसं जातील, देव राहतील, आणि दिवा तेवत राहील.

दिवा आपोआप तेवत नाही, एवढं मलाही कळत होतं. "मग तेल?" हे यांनी विचारलं.

"गजरी जाईल की रोज," मामंजी म्हणाले. "लांब काय हाय? उन्हं कलली की जायाचं नि दिवा बघून यायाचं. देव तारी त्याला कोण मारी!"

वन्सं झोपडीच्या कुडाला उसाचा पाला बांधत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. हातातली गाठ नीट आवळली आणि पुढचा पाला घेतला.

मळ्यातले पहिले दिवस मला आवडले होते, हे नाकारत नाही. उसाच्या पाल्याची झोपडी वाऱ्यात सळसळायची, जणू कुणी बाहेर कुजबुजतंय. पलीकडच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं. चुलवणाचा धूर, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास, पहाटे दव पडलेला हरभरा. पोरं दिवसभर ऊस चघळत आणि हातांना काकवी चिकटवून फिरत. ओसरी नाही, सोपा नाही, त्यामुळं मोठ्यांचा दराराही थोडा सैल. जत्रेला आल्यासारखं वाटायचं. मधूनच कुणीतरी बातमी आणायचं, अमक्याच्या घरचं माणूस गेलं, तमक्याचं घर बंद झालं. बायका तोंडाला पदर लावायच्या आणि पुन्हा चुलीकडे वळायच्या.

आणि रोज उन्हं कलली की वन्सं निघायच्या. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात वातींचा पुडा. अंधार पडायच्या आत परत यायच्या. आता पुढचं नीट वाचा, कारण माझा सगळा राग इथं आहे. परत आल्यावर त्यांना थेट झोपडीत येता येत नव्हतं. मामंजींनी शिस्त घालून दिली होती. बांधापलीकडे थांबायचं. लिंबाचा पाला घालून तापवलेल्या पाण्यानं तिथंच आडोशाला अंघोळ करायची. नेसतं लुगडं दगडावर टाकायचं, दुसरं नेसायचं. झोपायला त्यांना बांधापलीकडेच वेगळी खोप. ताट वेगळं, तांब्या वेगळा. भाकरी मी बांधावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. मी मागं सरले नाही तर मामंजी ओरडायचे, "ये सूनबाई! मागं हो! कळत न्हाय व्हय तुला?"

देव तारी म्हणायचे, आणि पाण्यात लिंबाचा पाला टाकायला लावायचे. म्हणजे कळत होतं. सगळं कळत होतं. भोळ्या भक्तीनं आंधळा झालेला माणूस असता तर मी एवढी जळले नसते. हा माणूस डोळस होता.

हुसेनचाचांनी एकदा तोंडावर विचारलं होतं. ते बांधावर बसून कापसाची गादी उन्हात उलटीपालटी करत होते. म्हणाले, "आबा, आमी कुराण बरोबर आणलं, तुमी देव आणा की. देवास्नी काय पाय न्हाईत म्हणून पोरीला पळवताय रोज?"

"तुमाला न्हाय कळायचं त्यातलं," मामंजी म्हणाले.

"नसंल कळत," चाचा म्हणाले. "पोरीचं कळतंय तेवढं."

मामंजी त्यानंतर चाचांशी बोलेनासे झाले. खरं तोंडावर आलं की माणूस जातीधर्माच्या आडोशाला जाऊन बसतो, हे मी पुढंही पुष्कळ पाहिलं.

वन्संना मात्र त्या जाण्याबद्दल विचारलं की त्या भलतंच सांगायच्या. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, मध्ये भाकरीचं ताट. "खरं सांगू का पोरी," त्या म्हणाल्या, "तिथं गेलं की मला बरं वाटतंय. सगळ्या घरात मी एकटी. कुणी गजरे म्हणून हाक मारत न्हाय. आबांच्या लोडाला टेकून बसती मी, पाय पसरून." मग रिकाम्या गल्लीच्या गोष्टी. कासाराच्या ओसरीवर मांजरानं पिल्लं घातली. तालमीच्या दारात गवत उगवलं. सगळ्यांच्या तुळशी सुकायला लागल्या होत्या, तर त्या आता दारोदार फिरून सगळ्या तुळशींना पाणी घालत होत्या. "गल्लीची मालकीण हाय म्हण की मी," म्हणून हसायच्या. मीही हसायची. मला वाटायचं, वन्संना काही होणार नाही. हसणाऱ्या माणसाला काही होत नाही, असं त्या वयात वाटतं.

एका संध्याकाळी त्या आल्या तेव्हा त्यांच्या अंबाड्यात शेवंतीचं पिवळं फूल होतं. परड्यातलं असणार. तिथल्या आरशात बघून घातलं असेल, दिवा लावला असेल, दार ओढून घेतलं असेल आणि काढायचं विसरून तशाच चालत आल्या असतील. वाटेनं वारा, हातात रिकामी बुधली, डोक्यात फूल. मी बघितलं आणि इतकं छान दिसलं ते, की मी काही बोललेच नाही. मामंजींनीही बघितलं.

"दिवा लावाय धाडलं तुला, नटाय न्हाय!" ते बांधावरूनच गरजले. "रांडमुंड बाई तू, लाज वाटत न्हाय?"

आसपासच्या सगळ्या झोपड्यांतून माणसं बघायला बाहेर आली. वन्संचा हात डोक्याकडे गेला. फूल काढून त्यांनी टाकलं नाही, मुठीत धरलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघाय कोण हुतं तिथं, आबा? उंदरं?" त्या रात्री मामंजींनी त्यांच्यासाठी भाकरी न्यायची नाही म्हणून सांगितलं. मी नेली. यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. आमच्या ह्यांचा शूरपणा तेव्हा एवढाच होता.

मग तो दिवस आला. वन्सं नेहमीपेक्षा लवकर परतल्या. बांधापाशी थांबल्या, पण अंघोळीच्या आडोशाकडे वळल्या नाहीत. तिथूनच हाक मारली. "आबा, आपल्या देव्हाऱ्याखाली उंदीर पडलाय."

मामंजी उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे पोरी, जाऊ दे दिवा. बाप आहे, म्हणेलच. त्यांनी विचारलं, "हात लावलास?"

"न्हाय."

"उद्या चिमट्यानं धर, परड्यात ने नि राकेल घालून जाळ. मग दिवा लाव."

वन्संनी बुधली बांधावर ठेवली. "देव घिऊन येऊ का? टोपलीत बसत्यात सगळे."

"देव हलायचं न्हाईत."

"मग मी बी जाणार न्हाय."

त्या घरात आल्यापासून मी कुणाला मामंजींना नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. हे उठून उभे राहिले. "आबा, मी जातो उद्या," ते म्हणाले. मामंजींनी यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू बस खाली. एकुलता हाईस तू." आणि हे बसले. पुढं यांच्याबरोबर मी संसार केला, मुलं झाली, सुखदुःख वाटून घेतलं. पण ते बसणं मी विसरले नाही आणि यांनाही विसरू दिलं नाही. वंशाचा दिवा विझू नये म्हणून देवाच्या दिव्याला बहीण.

मग मामंजी वन्संना म्हणाले, अगदी शांत आवाजात, "नगो जाऊस. सकाळी गगनबावड्याची वाट धर. सासर हाय की तुला. इथं खायाचं नि घराचं एवढं काम बी करायचं न्हाय, असं चालायचं न्हाय."

प्लेगच्या गावातून आलेल्या माणसाला त्या दिवसांत कुठल्याही गावाच्या वेशीत पाय ठेवू देत नव्हते. आणि त्या सासरानं त्यांना भर पावसात हाकललं होतं. मामंजींना हे ठाऊक होतं. वन्संनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रडत होते. त्या म्हणाल्या, "गप गं. रडतीस काय?" आणि आडोशाला अंघोळीला गेल्या. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा बुधली उचलून निघाल्या. त्यानंतरही जात राहिल्या.

थोड्याच दिवसांत एका सकाळी त्या खोपीतून बाहेर आल्या नाहीत. मी हाक मारली तर आतून म्हणाल्या, "जवळ येऊ नगोस. काखंत गाठ आलीया." आवाज नेहमीचाच होता, मला हटकताना असायचा तसा. हुसेनचाचा धावत गेले, यांना हाक मारली, डॉक्टर आणायला माणूस धाडला. डॉक्टर आले, बघितलं आणि मान हलवून गेले. मी बांध ओलांडला. मामंजी ओरडत होते, त्यांना ओरडू दिलं. वन्संना तहान तहान होत होती. पाणी पाजलं की डोळे उघडायच्या आणि तापात काहीबाही बोलायच्या. कासाराच्या मांजरीचं. तुळशींचं. "तुळशी सुकतील गं," एवढं दोनदा म्हणाल्या. दिव्याचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही.

मामंजी बांधावर आले होते. धोतराचा सोगा नाकाला लावून उभे. मला वाटलं लेकीला बघायला आले. त्यांनी यांना विचारलं, "बुधली कुठं ठिवलीया तिनं?"

दिवस मावळायच्या आत वन्सं गेल्या. पलीकडे काहील उतरवली होती आणि गुळाच्या ढेपा थापत होते. त्या वासाची मला अजून शिसारी येते, चुन्याच्या वासासारखी. कोल्हापुरात राहून गूळ न खाणारी बाई म्हणून माझी चेष्टा होते. होऊ दे.

आता दिव्याचं सांगते. त्या संध्याकाळी दिव्याला कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. मामंजींनी कुणाला जा म्हटलं नाही, आणि ते स्वतः तर नाहीच नाही. ज्या दिव्यासाठी लेक घालवली तो दिवा लेकीमागोमाग विझला आणि काहीही झालं नाही. सूर्य उगवला, मोट चालली, ऊस गाळला गेला. होळी झाल्यावर आम्ही घरी परतलो. समई कोरडी, वात काळी, देवांवर धूळ. देव्हाऱ्याजवळ आरसा ठेवलेला होता आणि त्याच्यापुढं सुकलेलं शेवंतीचं एक फूल. मामंजींनी सगळ्यांना बाहेर थांबवलं, आत गेले, आगकाडी ओढल्याचा आवाज मी उंबऱ्यापाशी ऐकला. संध्याकाळी गल्लीतली माणसं जमली तेव्हा ते लोडाला टेकून सांगत होते, "एवढा पलेग झाला, पण आमचा दिवा विझला न्हाय. लेकीनं जीव दिला, पण दिवा राखला." आणि डोळे पुसत होते. लोक हळहळले. हुसेनचाचा उठून गेले.

लोक म्हणतात, माणूस तसा वाईट नव्हता, जुन्या वळणाचा होता. असेल. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी त्यांच्या हाताखाली राहिले, त्यांचं सगळं केलं, म्हातारपणी भाकरी कुस्करून दुधात दिली. पण मनातून माफ केलं नाही, आणि करायचंही नाही. माफी मागणाऱ्याला देतात.

वन्सं गेल्यावर पुढच्या वर्षी म्हैस मेली, विहिरीचं पाणी आटलं, मामंजींना रोज स्वप्नात लेक दिसायला लागली. भगताला बोलावलं. तो घुमला आणि म्हणाला, घरची लेक जागा मागतीया. मग सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणला, बोटभर पत्र्यावर उमटवलेली बाईची आकृती, आणि तो देवांच्या रांगेत बसवला. जिवंतपणी ज्या बाईला पाटावर जागा नव्हती, तिला मेल्यावर देव्हाऱ्यात मिळाली, तीसुद्धा भीतीपोटी. तेव्हापासून घरातले सगळे तिच्या पाया पडतात. मीही पडते. पण मी रोज त्या टाकावर शेवंतीचं फूल ठेवते, हंगाम नसेल तेव्हा दुसरं कुठलंही, पण फूलच. मामंजींनी एकदा विचारलं, विधवेच्या टाकाला फूल कशाला? मी म्हटलं, "आता ती देव हाय मामंजी. देवाला फूल लागतंय."

त्यानंतर प्लेग काही वर्षं आला, काही वर्षं नाही. दर हिवाळ्याला मी गाडी भरायची तयारी करून ठेवायची, शेजारच्या गल्ल्यांतल्या बायकांच्या गाड्याही भरून द्यायची. पण आमच्याच गल्लीत उंदीर पडला असा मोठा हंगाम मधल्या काळात आला नव्हता. आमच्यावर पुन्हा मळ्यात जाण्याची वेळ आली ती यंदा. मामंजी आता फार थकले आहेत. नजर गेली, पाय गेले, पण आवाज तसाच आहे. परवा गाडी दारात जुंपली होती. जातं चढलं, पोती चढली. माझी धाकटी लेक शकू कंदील हातात घेऊन पुढं बसली होती. शाळेला सुट्टी दिलेली म्हणून खुशीत होती, उसाची स्वप्नं बघत होती. यांनी मामंजींना उचलून गाडीत बसवलं. मी शेवटची म्हणून दाराला कुलूप लावायला वळले.

"कुलूप नगो," मामंजी म्हणाले. "दिवा हाय आत."

सगळे थांबले.

"देव हलायचं न्हाईत आपलं," ते पुढं म्हणाले. "शकी जाईल की रोज. शाळा तर बंदच हाय तिची. पोरीची जात चपळ असती. उन्हं कलली की जायाचं नि दिवा बघून यायाचं."

तेच शब्द. इतक्या वर्षांनी एकही शब्द इकडचा तिकडं झालेला नव्हता. मी यांच्याकडे बघितलं. यांच्या हातात कासरा होता आणि तो त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ते बसले नाहीत. मला गप्प बस असंही म्हणाले नाहीत.

मी गाडीपाशी गेले. "मामंजी," मी म्हटलं, "दिवा तुमचा, देव तुमचे, घराणं तुमचं. तुमीच जात चला. रोज गाडी जुंपून देती तुमाला. माणूस बी देती धरून न्यायला."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. "मी?" म्हणाले. म्हाताऱ्या हातांनी त्यांनी गाडीचा दांडा धरला. "अगं येडी का काय तू? तिथं पलेग हाय की!"

"व्हय मामंजी," मी म्हटलं. "तवा बी हुता."

शकू कंदील मांडीवर घेऊन एकदा माझ्याकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. मी घरात गेले. देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घेतले, सगळ्यांच्या वर वन्संचा टाक ठेवला. मग वाकले आणि दिवा तोंडानं फुंकून विझवला.